लग्न कुणाचं, ते आधी विचारा

माझ्याकडे आजवर जितके संशोधक आले, त्यांतल्या एकानंही पहिला प्रश्न असा केला नाही, की बाई, आज लग्न कुणाचं आहे? चाल कुठली, चरण किती, परंपरा किती जुनी, तुमच्या आधी कोण गायचं, तिच्या आधी कोण, हे सगळं विचारतात. समोर पिवळी साडी नेसून, हिरवा चुडा भरून एक पोरगी घाबरून पाटावर बसलेली असते. तिचं नाव कुणाला नको असतं.

मी धवलारीण. आमच्या उलव्याच्या सोसायटीत हा शब्द उच्चारला की वरच्या मजल्यावरच्या बायका विचारतात, "म्हणजे काकू, तुम्ही मेंदी काढता का?" नाही हो. आगरी-कोळ्यांच्या लग्नात मांडव उभा राहिल्यापासून तो उतरेपर्यंतचे विधी जी बाई गाऊन लावते, ती धवलारीण. तिच्या गाण्यांना धवले म्हणायचं. भटजी नंतर येऊन मंगलाष्टकं म्हणतात, त्यांच्याशी आमचं वाकडं नाही. पण ते येईपर्यंत पोरीची नवरी झालेली असते, आणि ती आम्ही केलेली असते.

या दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, निवृत्तीनंतर मागे वळून बघताना काय वाटतं ते लिहा. धवलारीण निवृत्त होत नाही, तिचा गळा होतो. माझा झाला, त्याची गोष्ट पुढे येईल. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं सगळं पोरांच्या पुस्तकांवरून आणि असल्याच दिवाळी अंकांवरून शिकले, तेव्हा शुद्धलेखन ज्याला दुरुस्त करायचंय त्यानं करावं, मी बोलते तसं लिहिते.

तर धवले म्हणजे नुसती गाणी नव्हेत, ते काम आहे. गाण्यातच सगळ्यांना हुकूम असतात. जातं मांडा, हळकुंडं घाला, सवाशिणींनो पुढे या, मामाला म्हणावं उंबराची डहाळी आण. लग्नघरात नुसतं ओरडून सांगितलं तर कुत्रं ऐकत नाही, गाण्यातून सांगितलं की सगळे निमूट उठतात. आणि काम जेवढं, गाणं तेवढं. हळकुंडं ओली निघाली, दळायला वेळ लागला, की गाणं लांबवायचं. मामा वाशीच्या पुलावर अडकला, की आणखी चार देव बोलवायचे. मामा दारात दिसला, की चालू ओळीला गाठ मारायची. हे लांबवणं आणि आटोपणं हीच खरी विद्या. गळा काय, कुणालाही असतो.

देवांचं वेगळं सांगते. सुरुवातीला त्यांना आवतण द्यायचं, नावानं आणि ठिकाणासकट. वेशीवरची गावदेवी, खाडीच्या तोंडावरची आई, खारबांधावरचा बापदेव. आणि मांडव उतरताना प्रत्येकाला पुन्हा नाव घेऊन घरी पोचवायचं. बोलावलेल्या पाहुण्याची करतो तीच रीत. माझी सासूबाई, जिनं मला हे शिकवलं, ती दम द्यायची, "आनलेला देव मांडवान इसरून आलीस ना गो, तं त्या घराला झोप लागायची नाय."

आता गिऱ्हाइकं ऐका.

एक सर आले होते सकाळी सकाळी. आल्या आल्या टेबलावर यंत्र ठेवलं. म्हणाले, "मावशी, नमुन्यादाखल हळदीचा एक धवला होऊ द्या."

मी म्हटलं, "लग्न कुठंय?"

"नाही, लग्न नाही. फक्त नमुना."

"अहो, नुसत्या नमुन्यासाठी देव कुठून बोलवू? येऊन बसतील सोफ्यावर, मग वाढायचं काय? ही बिस्किटं?"

सर हसले आणि माझं वाक्य लिहून घेतलं. तेव्हाच मला कळलं, या माणसांना काहीही सांगा, त्यांचं बरंच होतं. शिव्या दिल्या तरी बोलीचा नमुना मिळतो.

दुसरी एक चित्रकार बाई. आता चित्रकार म्हणायचं, चित्र काही दिसलं नाही. न्हावा शेव्याजवळच्या एका यार्डात तिनं जुना कंटेनर मिळवला होता आणि त्याला ती हळद फासणार होती. कला हीच माझी संशोधनाची पद्धत आहे, असं काहीसं बोलली. बंदरानं आमचा किनारा घेतला म्हणून बंदराशीच लग्न. मी धवले गायचे आणि तिच्या माणसांनी शूटिंग करायचं. बाई वाईट नव्हती, उन्हात उभी राहून कळवळून बोलत होती. मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नवरा हाच?"

"हो."

"आई-बाप?"

ती कंटेनरकडे बघायला लागली. मी म्हटलं, "बाळा, ज्याला मामा नाही आणि जो आत्ताच एवढा गंजलाय, त्याच्या लग्नात मी गात नाही." घरी आल्यावर मुलगा म्हणाला, आई, तुझा फोटो परदेशात लागला असता. लागू दे. इथं उलव्यात भिंतीला खिळा ठोकायचा तर सोसायटीची परवानगी लागते.

सत्कारही झाले बरेच. धवल्यांवर दोन-दोन दिवस चर्चा करायची आणि तिसऱ्या प्रहरी, सगळ्यांना जांभया यायला लागल्या की धवलारणीला सात मिनिटं द्यायची. शाली एवढ्या साठल्यात की सूनबाई इस्त्रीच्या टेबलावर घालते.

आमचे लोक काय कमी आहेत, असं समजू नका. गाव विमानतळात गेलं, शेतं गेली, मिठागरं गेली, चार-चार मजल्यांचे बंगले आले, आणि हळदीला आता थीम असते. "मावशी, धवले दहा मिनिटांत उरका, डीजेवाला खोळंबलाय." जातं कोपऱ्यात शोभेला, हळद पाकिटातली. मग मीही देव कमी केले. करणार काय? पहिला गाळला तो बापदेव. खारबांध म्हणजे भरतीचं खारं पाणी भातशेतात शिरू नये म्हणून आमच्या माणसांनी मातीनं घातलेला बांध, आणि बापदेव म्हणजे त्यावरचा राखणदार, शेंदूर फासलेला एक दगड. बांधावरून आता विमानं धावणार म्हटल्यावर आवतण द्यायचं कुठल्या पत्त्यावर? गाळला तो गाळला, त्यासाठी मी काही रडत बसले नाही.

आणि मग आमच्याच घरात संशोधक निघाली!

सोनल, माझ्या भावाची मुलगी. राहते खांदेश्वरला. गळा असा, की तिनं नुसतं "आत्या, चहा टाकू?" विचारलं तरी ऐकत राहावं. संगीतात एमए केलं, आणि मला वाटलं, चला, माझ्यामागे ही. तर ही बया पेढे घेऊन आली आणि म्हणाली, "आत्या, मी धवल्यांवर पीएचडी करतेय."

म्हटलं, "गाणार ना?"

"गाणार नाही, अभ्यास करणार. अभ्यासकानं अंतर ठेवायचं असतं."

"किती?"

"किती म्हणजे?"

"अंतर गं. उलवे ते खांदेश्वर पुरेल, की पनवेलच्या पलीकडे जाऊन राहतेस?"

तिचे मार्गदर्शक देशमाने सर. माणूस सभ्य, शर्टाची इस्त्री कडक, आणि 'अंतर' हा शब्द जिभेवर खडीसाखरेसारखा घोळवायची सवय. सोनलनं राबून काम केलं, ते मी नाकारत नाही. गावोगावच्या म्हाताऱ्या शोधल्या, त्यांची गाणी उतरवून घेतली, माझ्या सासूबाईची माळ्यावर पडलेली कॅसेटसुद्धा कुठून तरी स्वच्छ करून आणली. एक धवला पाच तऱ्हांनी तिला माहीत. पण मांडवात येऊन एक ओळ लावायची म्हटली, की "मी कशी गाणार आत्या, मग माझंच गाणं मी अभ्यासल्यासारखं होईल." मला सांगा, स्वयंपाकावर पुस्तक लिहिणारीनं भात लावला तर काय पुस्तक करपतं?

बाकीच्या धवलारणी दोन-तीन उरल्यात, त्याही माझ्याच वयाच्या. आमच्यामागे कुणी नाही. सोनल मांडवात बसली तर हे पुढे चालणार होतं, नाही बसली तर कपाटात जाणार होतं. माझा सगळा जीव त्यात अडकलेला, आणि हिचा पाय काही पुढे पडेना.

त्यातच माझ्या घशात गाठ निघाली. साधी होती, काढली. त्यात गाण्याचा गळा गेला तो गेलाच, वर डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. घरात काय आनंद! मुलगा म्हणतो, डॉक्टरांना पेढे देऊन येऊ का? मला नातवाची पाटी दिली, लिहून सांगायला.

आणि नेमकी त्याच महिन्यात प्रणालीची हळद. प्रणाली ही हिराबायची नात, आणि हिराबाय म्हणजे माझी जुनी मैत्रीण, आम्ही दोघी एका शेतात भात लावलेल्या. तिनं सगळ्यांना ठणकावून सांगितलेलं, "धवले झाल्याबिगर माजे नातीला हलद लागायची नाय. डीजे नंतर नाचवा काय नाचवायचा तो." मोसमाचे दिवस, दुसऱ्या धवलारणी आधीच ठरलेल्या.

मी पाटीवर लिहिलं, 'तू गा', आणि सोनलपुढे धरली.

तिनं पाटी पुसली. म्हणाली, "आत्या, माझ्याकडे तुझंच रेकॉर्डिंग आहे. खांदेश्वरच्या लग्नातलं, एकदम क्लिअर. स्पीकरवर लावू. तुझाच आवाज, तेच शब्द. कुणाला फरकही कळणार नाही."

मी पाटीवर काय लिहिलं ते संपादकबाई छापणार नाहीत.

हळदीच्या दिवशी दुपारी सगळे जमले. देशमाने सर आलेले, त्यांनी कॅमेऱ्याचा तिपाया नेमका जात्याच्या आणि नवरीच्या आईच्या मधे रोवलेला, त्यामुळे ती बिचारी दर वेळी त्याला वळसा घालून जात होती. प्रणाली पाटावर. हिराबाय तिच्या बाजूला, नऊवारी, नाकात नथ. सोनलनं बटण दाबलं आणि माझा आवाज मांडवात घुमला. माझाच आवाज, आणि माझं तोंड बंद. मेल्यावर कसं वाटत असेल, त्याचा अंदाज आला.

पहिली गडबड लगेच झाली. स्पीकर गातोय 'जातं फिरवा', आणि इकडे हळकुंडं अजून डब्यात. सवाशिणी धावल्या. जातं फिरायला लागलं तर स्पीकर तेल लावण्यापर्यंत पोचलेला. सगळ्या जणी आपल्या गाण्यामागे धापा टाकत पळतायत, असं दृश्य. सर म्हणाले, "इंटरेस्टिंग." आणि तेवढ्यात माझ्याच आवाजात ओळ आली:

"दर्शना बाय बसली पाटावर, हलद लावा गो सवाशिनी..."

जात्यावरचे हात थांबले. दर्शना ही खांदेश्वरच्या त्या लग्नातली नवरी. वर्षाच्या आत माहेरी परत आलेली, मारहाण, पोलीस, सगळं झालेलं, पंचक्रोशीला माहीत. तिचा काय दोष, पण लग्नघरात असलं कोण ऐकून घेतं? आणि प्रणालीच्या अंगाला हळद लागताना त्या लग्नातलं नाव.

"बंद कर त्यो!" हिराबाय कडाडली. "कोनाचा नाव घेतंय? लगीन कोनाचा हाय? माजी नात मेली काय गो?"

प्रणाली रडायला लागली. सोनलनं स्पीकरची वायरच उपटली. पोरगी पांढरीफटक पडली होती. नंतर मला म्हणाली, "आत्या, ते रेकॉर्डिंग मी शंभरदा ऐकलं असेल. पण कागदावर उतरवताना मी त्या जागी कंसात 'वधूचे नाव' असं लिहिलं होतं. आणि मग मला तेवढंच ऐकू यायचं. वधूचे नाव." हे असं असतं बघा. माणसाच्या जागी कंस घातला, की कानसुद्धा कंस ऐकायला लागतात.

हिराबाय माझ्याकडे बघत होती. मी घशाच्या पट्टीवर बोट ठेवलं. मग मी सोनलकडे बघितलं. पाटी घरीच राहिली होती, पण लिहायची गरज नव्हती.

सर हळूच पुढे वाकले. "सोनल, यू ऑब्झर्व्ह. हा क्षण फार महत्त्वाचा आहे. परंपरा खंडित होताना तुला बघायला मिळतेय. तू यात उतरलीस तर हे लग्न आपल्याला प्रबंधात घेता येणार नाही, लक्षात ठेव."

सोनलनं त्यांच्याकडे बघितलं. मग रडणाऱ्या प्रणालीकडे. मग तिनं हातातला रेकॉर्डर सरांच्या हातात दिला, ओढणी कमरेला खोचली आणि येऊन माझ्या शेजारी पाटावर बसली. प्रणालीच्या कानाशी वाकून म्हणाली, "आईच्या आईचं नाव काय गं तुझ्या? आणि मामांची सांग पटापट."

हा प्रश्न ऐकला, आणि मला वाटलं, झाली ही.

सुरू केलं ते फार वरच्या पट्टीत. मी तिचा गुडघा दाबला, खाली आली. दोनदा चुकली. हिराबाय कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. पण जातं आणि गाणं हळूहळू एका पावलानं चालायला लागलं. प्रणालीचं नाव आलं, तिच्या आईचं, आज्यांचं आलं, आणि पोरीनं डोळे पुसले. सगळं जमत आलं, तर मामाचा पत्ता नाही. उंबराची डहाळी घेऊन निघालेला मामा विमानतळाच्या रस्त्यावर ट्रेलरच्या रांगेत अडकलेला. म्हणजे लांबवा! सोनलनं देवांना हात घातला. गावदेवी झाली, खाडीवरची आई झाली, मी हल्ली घ्यायचे ते सगळे संपले. मामा नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. मी काय देणार, माझ्याकडे आवाजच नव्हता. तिनं डोळे मिटले, आणि कुठल्या तळातून काढलं कुणास ठाऊक:

"ये रं बापदेवा, खारबांधाचे राखनदारा,
भरतीला सांग थांब, आज पोरीला हलद हाय..."

ही माझ्या सासूबाईची ओळ, कॅसेटवरची. मी टाकून दिलेली.

मागच्या खुर्च्यांवर हिराबायचा दीर बसला होता, नारायणदादा. ऐकायला कमी येतं, म्हणून सगळ्या गडबडीत तो आपला शांत. दर अवसेला बांधावर जाऊन त्या दगडापुढे दिवा लावायचा, तो हाच. हे नाव मात्र त्याला ऐकू गेलं, तो उठून उभा राहिला. डोक्यावरची टोपी काढली आणि शेजारच्या माणसाला विचारलं, मोठ्यानं, बहिऱ्या माणसासारखं:

"अजून हाय त्यो?"

सोनलनं ती ओळ परत घेतली. मग म्हाताऱ्या बायकांनी घेतली, त्यांना ती येत होतीच, कुणी विचारलं नव्हतं इतकंच. मामा डहाळी घेऊन घामाघूम होऊन आला तेव्हा त्याच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं. आणि सोनलनं काय करावं? चालू ओळीला गाठ मारली, मामाचं नाव तीत गोवलं, 'उशिरा आला' म्हणून टोमणाही मारला, आणि हळद लावायला घेतली. सगळा मांडव हसला. हे तिला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नव्हतं.

हिराबाय एवढंच म्हणाली, "गला पातल हाय अजून. पन येतंय."

सर संध्याकाळी मला भेटले. म्हणाले, "मावशी, झालं ते छान झालं, पण पद्धतीच्या दृष्टीनं अडचण झाली. अभ्यासकच सहभागी झाल्यामुळे ही सामग्री दूषित झाली." मी बोलू शकत नव्हते, हे त्यांचं नशीब. दूषित! हळद लागलेल्या मांडवाला दूषित म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. आणि बघा, सोनल पाच तऱ्हा गोळा करत हिंडली नसती तर ती ओळ आलीच नसती, हे मी कबूल करते, दातओठ खात का होईना. पण ती मांडवात बसली नसती तर ती ओळ कॅसेटमध्येच राहिली असती, आणि नारायणदादा खुर्चीत. हे सरांना कोण सांगणार? त्यांनी शब्दाप्रमाणे केलं. सोनलचा प्रबंध पूर्ण झाला, जाडजूड आहे, मी उचलून बघितला. प्रणालीचं लग्न त्यात नाही. म्हणून मी ते इथं लिहिलं.

पण खरी गोष्ट दुसऱ्या दिवसाची. लग्न लागलं, प्रणाली सासरी गेली, मांडव उतरायला माणसं आली. देवांना पोचवायचं राहिलं होतं. सोनल बसली. गावदेवीला वेशीवर पाठवलं, आता तिथं सर्कल आहे, पण देऊळ आहे. आईला खाडीच्या तोंडावर. एकेक करत शेवटी ती थांबली. बांबू सोडणारी माणसंही थांबली. नारायणदादा पायरीवर बसून होता.

"आत्या," सोनल हळूच म्हणाली, "बापदेवाला कुठं पाठवू? बांध नाही. दगड कुठे गेला, कुणाला माहीत नाही. धावपट्टीवर पाठवू का?"

मला सासूबाईचा दम आठवला. आणलेला देव विसरून यायचं नाही. आणि चुकीच्या पत्त्यावरही पोचवता येत नाही. इतके संशोधक आले, इतके प्रश्न विचारून गेले, पण हा एकालाही पडला नव्हता. तो मांडवात बसलेल्या बाईलाच पडतो.

डॉक्टरांचा महिना संपायचा होता. मी घशाच्या पट्टीवर हात ठेवला आणि जेवढा निघाला तेवढ्या आवाजात म्हटलं, "नको पाठवू."

"मग तो जाणार कुठं?"

"पुढच्या लग्नाला," मी म्हटलं. "कुणाचं आहे, ते विचारून ठेव."